चार किलोमीटरची फेरी आणि डिझेलची गाडी

मागच्या डिसेंबरात वाटूरहून मामाचा फोन आला. "तूच म्हणला होता ना डिझेल घ्या म्हणून? मग ये आता अन् बघ काय झालंय ते." पाठोपाठ डॅशबोर्डचा फोटो. त्यात एक पिवळा दिवा: एक पेटी, तिच्यातून आरपार गेलेली नळी आणि पेटीच्या आत ठिपके. तो दिवा मी लगेच ओळखला. ओळखायलाच हवा, कारण गेली चार वर्षं मी त्या ठिपक्यांवरच काम करतोय. डिझेलच्या धुरातली काजळी गाडीतल्या गाळणीत कशी साठते आणि कशी जळते, हा माझ्या पीएचडीचा विषय. आणि तरीही मामाला गाडी सुचवताना मी बघितला तो फक्त मायलेजचा आकडा. चूक माझीच होती.

सर्व्हिस सेंटरवाल्याने मामाला सांगितलं होतं की गाळणी कदाचित बदलावी लागेल, आणि खर्च लाखाच्या घरात जाईल. गाडी दोन वर्षांची. मामाची शेती दहा एकर, त्यात मोसंबीची बाग. लाख रुपये म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून डिझेल गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न जरा नीट सोडवून बघू. मामासाठी तर बघूच, पण तुमच्यापैकी जे आत्ता शोरूमच्या कोटेशनकडे बघत बसलेत त्यांच्यासाठीही.

आधी डिझेलच्या बाजूने बोलतो, कारण तिची बाजू खरंच भक्कम आहे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन एकत्र दाबलं जातं आणि ठिणगी टाकून पेटवलं जातं. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. नुसती हवा दाबायची, इतकी दाबायची की ती आपोआप तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडायचा. ते स्वतःहून पेट घेतं. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना, तोच प्रकार, फक्त शेकडो अंशांचा. पेट्रोल इंजिन हवा साधारण दहा-बारा पट दाबतं, डिझेल इंजिन पंधरा-सोळा पट किंवा त्याहून जास्त. जितकं जास्त दाबाल तितकं त्याच इंधनातून जास्त काम मिळतं. शिवाय पेट्रोल इंजिनाला हळू चालताना हवेची वाट अर्धवट बंद करावी लागते, म्हणजे ते नाक दाबून श्वास घेत असतं. डिझेलला तशी गरज नाही, ते फवारा कमी-जास्त करून भागवतं. रुडॉल्फ डीझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ साली याच तत्त्वावरचं पहिलं यशस्वी इंजिन चालवून दाखवलं, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे.

त्यात एक गंमत आहे, जी पंपावर कुणी सांगत नाही. आपण इंधन लिटरने घेतो, पण डिझेल पेट्रोलपेक्षा जड असतं. एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा ते पंधरा टक्के ऊर्जा जास्त असते. म्हणजे "डिझेल जास्त मायलेज देतं" यातला काही भाग इंजिनाचा पराक्रम आणि काही भाग नुसता मापाचा. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं. इथेनॉलच्या लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा कमी, त्यामुळे मिश्रणात सहा-सात टक्के तूट येते. डिझेलवाल्याला तो प्रश्न नाही. ऊस आपल्याच मराठवाड्यातला असला तरी मायलेज जातंय ते पेट्रोलवाल्याचं!

ओढ हा दुसरा मुद्दा. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच जोर देतं. मागच्या सीटवर चार माणसं, डिकीत मोसंबीचे क्रेट आणि समोर चढ असेल तरी गिअर न बदलता गाडी निघते. ज्याने दोन्ही चालवल्यात त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता पैशांकडे येऊ. दर रोज बदलतात, म्हणून हिशोबापुरतं पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरू. एकाच मॉडेलची दोन इंजिनं घ्या. रस्त्यावर प्रत्यक्षात पेट्रोल १४ आणि डिझेल १९ किलोमीटर देतं असं समजा. जाहिरातीतला आकडा घेऊ नका, तो कुठून येतो ते पुढे सांगतो. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला साडेसात रुपये, डिझेलचा चार रुपये चौऱ्याऐंशी पैसे. म्हणजे दर किलोमीटरला सुमारे २ रुपये ६६ पैसे वाचतात.

पण डिझेल गाडी घेतानाच महाग. इंजिन जाड आणि मजबूत लागतं, टर्बो लागतो, अतिदाबाचा फवारा लागतो, आणि धूर साफ करायचं सगळं लटांबर लागतं. वर महाराष्ट्रात डिझेल गाडीला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त रोड टॅक्स. सगळं मिळून रस्त्यावर येईपर्यंत दीड लाखाचा फरक धरू. दीड लाखाला २.६६ ने भागा. उत्तर येतं सुमारे ५६ हजार किलोमीटर. तेवढं चालल्यावर तुम्ही बरोबरीला येता, आणि तिथून पुढे कमाई.

वर्षाला २५ हजार किलोमीटर फिरणाऱ्या माणसाची वर्षाला ६६ हजार रुपयांची बचत होते. देखभालीचा वरचा खर्च पाचेक हजार वजा केला तरी अडीच वर्षांत फरक फिटतो. मामा वर्षाला फिरतो आठ हजार. त्याची बचत २१ हजार, वरखर्च तीन हजार वजा, राहिले १८ हजार. फरक फिटायला आठ वर्षं, कर्जाचं व्याज वेगळंच. आणि हे सगळं पिवळा दिवा लागला नाही तर.

लोकांच्या मनात अजूनही २०१२ सालचा हिशोब बसलाय. तेव्हा डिझेलचे दर सरकार ठरवायचं, आणि पेट्रोल-डिझेलमध्ये लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास फरक होता. कोणीही डोळे झाकून डिझेल घ्यायचं. त्या काळात विकल्या जाणाऱ्या कार-जीपपैकी निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. त्यातल्या कितीतरी छोट्या गाड्यांत एकच १.३ लिटरचं इंजिन होतं, जे पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले आणि फरक आटला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं, आणि मारुतीने डिझेल बनवणंच बंद केलं. छोट्या गाडीत धूर साफ करायची यंत्रणा बसवायची म्हणजे गाडीपेक्षा यंत्रणाच महाग वाटायला लागते. आज डिझेलचा वाटा साधारण पाचात एक, आणि तो बहुतेक मोठ्या एसयूव्हींचा.

ज्या यंत्रणेमुळे हे झालं तीच मामाच्या दिव्यामागे आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

डिझेल फवारा हवेत नीट मिसळायच्या आतच पेट घेतं. त्यामुळे थेंबाच्या अवतीभवती हवा कमी पडते आणि तिथे काजळी तयार होते. चुलीत ओलं लाकूड घातल्यावर भांड्याच्या बुडाला जी धरते, तीच. जुन्या गाड्यांत ती मागून बाहेर पडायची. नव्या गाडीत एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. मधमाशीच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा, त्यात बारीक बोळ. पण प्रत्येक बोळ एका टोकाला बंद: शेजारचा बोळ पुढून बंद, तर हा मागून. धूर एका बोळात शिरतो, पुढे वाट नाही म्हणून भिंतीतून झिरपतो आणि शेजारच्या बोळातून बाहेर पडतो. काजळी भिंतीवर राहते. चहाची गाळणी जशी चोथ्याने भरते तशी ही काजळीने भरते, आणि ती रिकामी करायला काढता येत नाही. काजळी आतच जाळावी लागते.

ती जळते दोन प्रकारे. पहिला प्रकार फुकटचा. गाडी मोठ्या रस्त्यावर सलग धावत असली की धुराचं तापमान अडीचशे-तीनशे अंशांच्या वर जातं, आणि धुरातलाच नायट्रोजन डायऑक्साइड काजळी हळूहळू खाऊन टाकतो. चालकाला पत्ताही लागत नाही. दुसरा प्रकार मुद्दामचा. गाळणी भरत आली की संगणक ठरवतो की आता साफसफाई करायची. मग तो इंजिनात उशिरा, काम होऊन गेल्यावर, थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. ते पुढच्या उत्प्रेरकात जळतं, गाळणी सहाशे अंशांच्या आसपास तापते आणि काजळी जळून जाते. हे साधारण तीनशे ते सहाशे किलोमीटरला एकदा होतं आणि दहा ते वीस मिनिटं चालतं. त्या वेळी तुम्ही लक्ष दिलंत तर कळतं: उभ्या गाडीचं इंजिन नेहमीपेक्षा जरा जोरात फिरतं, मायलेजचा आकडा एकदम घसरतो, बंद केल्यावरही पंखा घरघरत राहतो, करपल्यासारखा वास येतो.

आता मामाचा दिवस बघा. सकाळी घर ते शेत, चार किलोमीटर. दुपारी शेत ते वाटूर फाटा. तिथे खताचं दुकान, चहा, दोन ओळखीची माणसं. पुन्हा शेत. संध्याकाळी घर. प्रत्येक फेरीत इंजिन गरम व्हायला लागतं न लागतं तोच गाडी बंद. डिसेंबरच्या थंडीत तर काटा मध्यावरही येत नाही. फुकटची साफसफाई होतच नाही, कारण धूर तेवढा तापतच नाही. मुद्दामची सुरू होते आणि सातव्या मिनिटाला मामा किल्ली फिरवतो. संगणक पुढच्या फेरीत पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा अर्धवट. असं आठ-दहा वेळा झालं की तो हात टेकतो आणि दिवा लावतो. गाडीत बिघाड नव्हता. गाडी एका प्रकारच्या वापरासाठी बनवलेली आणि वापर दुसऱ्याच प्रकारचा, एवढंच.

आणखी एक नुकसान दिसत नाही. अर्धवट राहिलेल्या साफसफाईतलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये जातं. ऑइल पातळ होतं. मी वाटूरला गेलो तेव्हा पहिल्यांदा डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. मामा म्हणाला, "हे तं चांगलंच आहे की, ऑइल खातच नाही गाडी!" डिझेल गाडीचं ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, बदलून घ्या. पातळ ऑइलने बेअरिंग आणि टर्बो झिजतात.

मग आम्ही काय केलं? फाट्यावरून गाडी जालन्याच्या रस्त्याला लावली. साठ-सत्तरचा वेग, चौथा गिअर, फेऱ्या दोन हजारांच्या वर, मध्ये कुठे थांबायचं नाही. अर्ध्या तासाच्या आत दिवा विझला. मामा काही बोलला नाही, पण जालन्यात जेवण त्याने दिलं. परत आल्यावर ऑइल बदललं. लाखाचा खर्च टळला, पण तो टळला कारण दिवा नुसता पिवळा आणि स्थिर होता. दिवा लुकलुकत असेल किंवा सोबत इंजिनाचा दिवाही लागला असेल तर हा उपाय करू नका. गाळणीत प्रमाणाबाहेर काजळी असताना ती एकदम पेटली तर सिरॅमिक तडकतं. तेव्हा वर्कशॉपमध्ये संगणक जोडून करायची साफसफाई हाच मार्ग.

काजळी जळते, राख जळत नाही. ही राख येते इंजिन ऑइलमधल्या रसायनांपासून, आणि ती गाळणीत कायमची साठत जाते. म्हणून डीपीएफच्या गाड्यांना कमी राखेचं वेगळं ऑइल सांगितलेलं असतं. फाट्यावरच्या दुकानात "डिझेलचं ऑइल" म्हणून ट्रॅक्टरला चालणारा डबा मिळतो. तो स्वस्त असतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला ग्रेड बघून घ्या, एवढीच विनंती.

आता युरिया. नव्या डिझेल गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत इंधनाच्या झाकणाशेजारी निळं झाकण असतं. त्यात जातं ते डीईएफ, म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर त्याचा फवारा पडतो, उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो, आणि अमोनिया त्या विषारी वायूंचं साधं नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. मला हे रसायनशास्त्र अजूनही सुंदर वाटतं. मामाला वेगळंच वाटलं. "युरियाच आहे ना? मग घरी गोणी पडलीय की."

प्रश्न चुकीचा नाही, रेणू खरंच तोच आहे. पण आपल्याकडे शेतीचा युरिया २०१५ पासून पूर्ण कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला येतो. जमिनीत तो हळू विरघळावा, आणि कारखान्यांकडे वळवला जाऊ नये म्हणून. ते तेल, गोणीतली अशुद्धी आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार हे सगळं मिळून फवाऱ्याची नळी बुजवतं आणि उत्प्रेरक खराब करतं. तो उत्प्रेरक गाळणीइतकाच महाग. गाडीनुसार हजार किलोमीटरला ढोबळ एक लिटर डीईएफ लागतं, म्हणजे विकतचंही परवडतं. फक्त एक काळजी घ्या. ते उष्णतेत खराब होतं: पस्तीस अंशांना ठेवलं तर सहा महिन्यांत निकामी. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये कॅन ठेवून पुढच्या मे महिन्यात वापरू नका. आणि टाकी पूर्ण रिकामी झाली तर गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही. हा बिघाड नाही, नियमानुसार तशी रचनाच आहे.

कॅनचा विषय निघालाच आहे तर डिझेलच्या कॅनबद्दलही बोलतो. पेरणीच्या दिवसांत घरोघरी ट्रॅक्टरसाठी डिझेल कॅनमध्ये, ड्रममध्ये भरून ठेवलेलं असतं. पावसाळी हवेत ड्रममध्ये पाणी धरतं, तळाला गाळ बसतो. जुना ट्रॅक्टर ते पचवतो. आजच्या गाडीत डिझेल दोन हजार बारच्या आसपास दाबाने फवारलं जातं, आणि फवाऱ्याची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असतात. शिवाय त्या पंपाला वेगळं वंगण नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण. पाणी गेलं की पंप स्वतःला खरवडतो आणि ती कीस सगळ्या नळ्यांत पसरते. अडीअडचणीला ड्रममधलं डिझेल गाडीत ओतायचा मोह होतोच. मामाला मी ते शपथेवर बंद करायला लावलं.

इतकं ऐकून तुम्ही विचाराल की या कटकटीचा फायदा कुणाला? फायदा होतो तो फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला. वाटूर फाट्यावर जालना–मंठा रस्त्याला परतूरचा रस्ता मिळतो, शेगाव–पंढरपूर महामार्गही इथूनच जातो. दिवसभर ट्रक, बस, पिकअप. टपरीवाला तिथे सकाळी सहा ते रात्री नऊ श्वास घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, तंबाखूच्या पंगतीला. बीएस-४ डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, बीएस-६ ला साडेचार. नायट्रोजन ऑक्साइड २५० मिलिग्रॅमवरून ८० वर. डिझेलमधलं गंधकही ५० वरून १० पीपीएमवर आणलं, कारण जास्त गंधकाने हे उत्प्रेरक टिकतच नाहीत. काजळीच्या बाबतीत आजची चांगल्या स्थितीतली डिझेल कार खरोखर स्वच्छ आहे. नायट्रोजन ऑक्साइडमध्ये ती पेट्रोलच्या अजूनही थोडी मागे आहे. पेट्रोलची मर्यादा ६० मिलिग्रॅम.

कार्बन डायऑक्साइडचं गणित मात्र उलटं. एक लिटर डिझेल जळून २.६८ किलो निघतो, पेट्रोलचा २.३१. पण डिझेल लागतं कमी. वरच्या १९ आणि १४ च्या आकड्यांनी डिझेल गाडी किलोमीटरला १४१ ग्रॅम सोडते, पेट्रोल १६५. म्हणजे हवामानाच्या दृष्टीने डिझेल बरं, फाट्यावरच्या फुप्फुसांच्या दृष्टीने पेट्रोल बरं. कोणी एका वाक्यात "डिझेल प्रदूषण करतं" किंवा "करत नाही" म्हणालं तर विचारा, कोणतं प्रदूषण?

हे आकडे खरे कशावरून, हा प्रश्न मात्र रास्त आहे. आपल्याकडे गाडीचं मायलेज आणि धूर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये मोजतात. गाडी रुळांवर उभी करतात, चाकं जागेवर फिरतात, आणि ठरलेल्या वेळापत्रकाने वेग कमी-जास्त करतात. ही चाचणी वीस मिनिटांच्या आतली, दहा-अकरा किलोमीटरची, सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर. जाहिरातीतलं मायलेज इथून येतं, म्हणून ते तुम्हाला मिळत नाही. आणि चाचणीचं वेळापत्रक माहीत असलं की गाडीला परीक्षेपुरता अभ्यास करायला शिकवता येतं. फोक्सवॅगनने नेमकं तेच केलं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात काही संशोधकांनी धूर मोजायचं यंत्र गाडीच्या मागे बांधून गाडी सरळ रस्त्यावर फिरवली. त्या गटात अरविंद तिरुवेंगडम हे भारतीय संशोधकही होते. एका गाडीचा नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाला. त्यांना आधी आपलंच यंत्र चुकतंय असं वाटलं. संशोधन करणाऱ्या कुणालाही ती भावना ओळखीची वाटेल. सप्टेंबर २०१५ मध्ये प्रकरण बाहेर आलं, जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात निघाल्या, भारतातही तीन लाखांवर गाड्या दुरुस्तीला परत बोलावाव्या लागल्या. त्यानंतर रस्त्यावरची चाचणी जगभर आली, आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात. म्हणून जुनी-नवी असा पर्याय असेल तर एप्रिल २०२३ नंतरची गाडी धुराच्या बाबतीत जास्त भरवशाची.

पळवाट शोधणारे फक्त कंपन्यांत नसतात. कुठल्याही गॅरेजात विचारलंत तर कोणीतरी सांगेल, "डीपीएफ काढून टाकू, सॉफ्टवेअर मारू, कटकट संपली." मामालाही सांगितलं होतं. असा बदल मोटार वाहन कायद्यात बसत नाही, वॉरंटी जाते, आणि गाडी एकदम दोन पिढ्या मागे जाते. पीयूसीत कदाचित पकडलंही जाणार नाही, कारण डिझेलच्या पीयूसीत फक्त धूर किती दाट आहे ते बघतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत, आणि गाळणी पकडते ते अतिबारीक कण डोळ्याला दिसत नाहीत. काढणाऱ्याला वाटतं काहीच फरक पडला नाही. फरक टपरीवाल्याला पडतो.

मग घ्यायची कुणी? वाटूरहून रोज जालन्याला नोकरीला जाणारा शिक्षक असेल, एका वेळी पन्नासेक किलोमीटर, तर त्याने बिनधास्त घ्यावी. त्याची गाळणी जाता-जाताच साफ होते, फरक दोन-अडीच वर्षांत फिटतो. महिन्याला दोनदा पुणे करणाऱ्यानेही घ्यावी. शेत, फाटा आणि परतूरचा बाजार एवढंच फिरणं असेल तर पेट्रोल घ्या. सीएनजीचा पंप रोजच्या वाटेवर असेल तर तेही बघा, पण डिकी जाईल. ज्यांच्याकडे मामासारखी गाडी आधीच आहे त्यांनी आठवड्यातून एकदा पाऊण तास सलग चालवायचं ठरवून टाकावं. मामाने मोसंबी विकायच्या निमित्ताने शनिवारचं जालना लावून घेतलंय. आधी माल पिकअपवाल्याच्या हाती द्यायचा, आता भाव स्वतः बघतो.

जुनी घेणाऱ्यांसाठी शेवटचं. दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या मराठवाड्यात स्वस्तात येतात. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर आणायला बंदी होती, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली, आणि २०२५ मध्ये कारवाईला लगाम घातला. महाराष्ट्रात दहा वर्षांची अट नाही. अशा गाडीत एनओसी आणि इथला टॅक्स धरून हिशोब करा. त्यातल्या बहुतेक बीएस-४ च्या, म्हणजे अनेकांत डीपीएफच नाही, आणि खरं सांगायचं तर मामाच्या चार किलोमीटरच्या फेऱ्यांना तीच गाडी कमी त्रास देईल. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण खोटं का सांगू. बीएस-६ जुनी घेत असाल तर एकूण किलोमीटरपेक्षा ते कसे झाले ते विचारा. पाच वर्षांत ३० हजार चाललेली "डॉक्टरांची, शहरातल्या शहरात वापरलेली" गाडी पेट्रोलची असेल तर सोनं, डिझेलची असेल तर आधी डिपस्टिक काढा, ऑइल बोटावर घेऊन वास घ्या, आणि स्कॅनर लावून शेवटची पुरी झालेली साफसफाई किती किलोमीटरवर झाली ते बघा. विकणारा स्कॅनर लावू देत नसेल तर चहा पिऊन निघा.